झाड द्यावे की बी? फणस आणि डांगर यांचा तुलनात्मक पाठ




मागच्या अंकानंतर एका मंडळीच्या महिला मंडळाकडून एक साधा प्रश्न आला. त्या भगिनींनी लिहिले होते, "आम्ही वर्षभर थोडी थोडी रक्कम बाजूला टाकली आहे. पाड्यावरच्या कुटुंबांसाठी तिची फळझाडे घ्यावीत की भाजीचे बियाणे? कशाने अधिक भले होईल?"

आठ वर्षांपूर्वी मला कोणी असे विचारले असते तर मी विचार न करता "झाडे" म्हटले असते. सहा वर्षांपूर्वी तितक्याच घाईने "बियाणे" म्हटले असते. आज मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून या वेळचा पाठ याच विषयावर घेते. एक सदाहरित झाड आणि एक परसातली भाजी शेजारी शेजारी ठेवून पाहू. झाड फणसाचे आणि भाजी डांगराची, म्हणजेच लाल भोपळ्याची. दोन्ही आपल्या ओळखीची आहेत, आणि दोघांनीही मला एकेकदा खाली मान घालायला लावली आहे.

माझ्या दोन चुका

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर मी तेव्हा नव्याने जाऊ लागले होते. जुलै महिना होता. आम्ही गाडी भरून फणसाची ६० रोपे नेली. प्रत्येक घराला दोन-तीन रोपे दिली, मुलांच्या हातात रोपे देऊन छायाचित्रे काढली, खड्डे खणले, प्रार्थना केली आणि समाधानाने परत आलो. पुढच्या मे महिन्यात पुन्हा जाऊन खड्डे पाहिले, तर बहुतेक ठिकाणी वाळलेली काडी उभी होती. काही ठिकाणी तीही नव्हती. शेळीने खाल्ली होती.

मी जरा नाराजीनेच एका आजींना विचारले, "आजी, पाणी नाही का घातलं?"

आजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, तू झाड दिलंस ते बरं केलंस. पण दिवाळी झाली की आम्ही भट्टीवर. इथं पाणी घालायला कोण असतं? त्यापेक्षा डांगराचं बी आणलं असतंस, तर जायच्या आधी खाऊन तरी गेलो असतो."

ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे पालघर जिल्ह्यातले डोंगराळ तालुके. येथे वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी अशा समाजांची वस्ती आहे. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे या भागाचे नाव सगळ्या महाराष्ट्राला कळले. पाऊस येथे धो धो पडतो. पण जमीन उताराची, त्यामुळे तो वाहून जातो आणि मार्चमध्ये बायका हंडे घेऊन मैलभर चालतात. पिके पावसाळ्यातलीच : भात, नागली, वरी. ते धान्य संपत आले की वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर उचल घेऊन अनेक कुटुंबे जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. म्हणजे ज्या सहा महिन्यांत रोपाला पाण्याची गरज, नेमके त्याच सहा महिन्यांत घराला कुलूप.

आजींचे बोलणे माझ्या मनाला लागले. पुढच्या वर्षी मी झाडांचे नावच काढले नाही. दुकानातून डांगराच्या बियांची पाकिटे घेतली आणि घरोघर वाटली. दसऱ्याला छपरांवर डांगरे दिसू लागली तेव्हा मला फार आनंद झाला. पण त्याच्या पुढच्या जूनमध्ये त्याच घरांतून निरोप आला, "ताई, बी कधी आणणार?" पाकिटातले बी संकरित होते. त्याचे घरी धरलेले बी लावले तर फळ कुठे बारीक, कुठे बेचव, कुठे येतच नाही. ज्या घरांत आजवर आजीच्या हातचे बी राखेत ठेवलेले असे, त्यांना मी एका वर्षात दुकानाची सवय लावली होती. पहिली चूक निदान डोळ्यांना दिसणारी होती. ही दुसरी न दिसणारी, म्हणून मला ती अधिक मोठी वाटते.

दोघांची ओळख

फणस हा वड, उंबर आणि तुती यांच्या कुळातला. त्याचे मूळ घर पश्चिम घाटाचीच जंगले, त्यामुळे तो आपल्या मातीतला, घरचाच म्हणायचा. केरळ राज्याने २०१८ साली त्याला राज्यफळाचा मान दिला. बांगलादेशाचे ते राष्ट्रीय फळ आहे. फळ फांदीच्या टोकाला न लागता खोडाला आणि जाड फांद्यांना लागते, कारण एवढे वजन कोवळी डहाळी पेलणार कशी? जे आपल्याला एक फळ दिसते ते खरे पाहता शेकडो लहान फुलांचे एकत्र झालेले फळ असते. एकेक गरा म्हणजे एकेका फुलाचे दान.

डांगर काकडी, दुधी, दोडक्याच्या कुळातले. गंमत अशी की जे आपण अगदी गावठी समजतो ते मूळचे अमेरिका खंडातले. युरोपीय लोकांच्या जहाजांतून ते आपल्याकडे आले आणि असे रुजले की म्हातारीला लेकीच्या घरून सुखरूप परत आणणारी गोष्टसुद्धा आपण त्याच्यावर रचली. पाड्यावरच्या कोणत्याही आजीला सांगा की हे बाहेरून आले आहे, ती हसेल. परका पाहुणा घरचा होऊन राहिला आहे.

दोघांत मोठा फरक आहे तो उन्हाळा काढण्याच्या रीतीत. माझी ६० रोपे का मेली हे मला ही गोष्ट समजल्यावरच उमगले.

साग किंवा मोह उन्हाळ्याच्या तोंडावर पाने झाडतो. पाने गेली की झाडातून पाणी उडून जाणे थांबते. झाड जणू झोपी जाते. फणस सदाहरित आहे. त्याची पाने गळतात, पण थोडी थोडी, वर्षभर. सगळे झाड कधीच उघडे पडत नाही. म्हणून भर मे महिन्यात तो गारवा देतो. पण याच कारणाने त्याला झोप नाही. उन्हातही पाने हिरवी, म्हणजे पाण्याचा खर्च चालूच. मोठ्या झाडाचे सोटमूळ खोल ओलीपर्यंत पोचलेले असते, त्याला हा खर्च परवडतो. एका वर्षाच्या रोपाचे मूळ वीत-दोन वीत. खर्च मोठ्या झाडासारखा आणि कमाई काहीच नाही. त्याला पहिले दोन, शक्य तर तीन उन्हाळे कोणीतरी पाणी द्यावेच लागते.

डांगर उन्हाळ्याशी झगडतच नाही. पावसावर उगवते, पावसातच पसरते आणि पाऊस संपला की फळ पिकवून वेल वाळून जाते. पुढचा उन्हाळा ते काढते बियांत. झाड उन्हाळा मुळावर काढते, वेल बियांवर काढते. म्हणून झाड देताना मुळाची सोय पाहावी आणि वेल देताना बियांची. मी पहिल्या वर्षी मुळाचा विचार केला नाही आणि दुसऱ्या वर्षी बियांचा केला नाही.

लावणी कशी करावी

फणस. बी ताजे हवे. आठळी आठवडाभर उन्हात वाळली की ती उगवण्याची आशा सोडावी. फळ खाल्ल्यावर धुऊन लगेच लावलेली आठळी साधारण तीन-चार आठवड्यांत उगवते. फणसाच्या सोटमुळाला धक्का सहन होत नाही, म्हणून शक्य तर आठळी कायमच्या जागीच टोकावी. पिशवीत करायचे तर पिशवी लांब असावी आणि रोप लहान असतानाच, मुळाभोवतीची माती न फोडता लावावे. आम्ही नेलेली रोपे पिशवीत फार दिवस राहिली होती. कितीतरी रोपांची मुळे तळाशी गुंडाळली गेली होती, ती खाली जाणार कशी?

खड्डा तीन फूट लांब, रुंद व खोल असावा. त्यात वरची माती आणि कुजलेले शेणखत भरावे. दोन झाडांत तीस फूट तरी अंतर हवे. पाणी साचणारी जागा टाळावी. फणसाला ओल आवडते, पण मुळाशी तुंबलेले पाणी चालत नाही. बियांपासूनच्या झाडाला फळ यायला सात-आठ वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात. कलमाला तीन ते पाच. बियांचे झाड आईसारखेच होईल असेही नाही. कापा फणसाच्या आठळीतून बरका निघू शकतो. खात्रीचा कापा हवा तर कलम घ्यावे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण प्रॉलिफिक' ही जात कापा फणसाचीच आहे.

एक गोष्ट नेहमी विचारली जाते. झाडाला पहिल्यांदा मोहर आला की बोटाएवढे कितीतरी दांडे काळे पडून गळतात. घरचे लोक घाबरतात, म्हणतात झाडाला नजर लागली. ते नर फुलांचे दांडे असतात. त्यांचे काम झाले की ते गळायचेच. फळ धरणारे दांडे वेगळे, जाड देठाचे.

डांगर. पहिला चांगला पाऊस झाला की आळे करून पाटीभर शेणखत घालावे, एका आळ्यात तीन-चार बिया इंचभर खोल टोकाव्यात आणि उगवल्यावर जोमदार दोन ठेवाव्यात. आठवड्यात अंकुर वर येतो. दोन आळ्यांत सहा ते आठ फूट जागा सोडावी. दीड महिन्यात पिवळी फुले दिसतात. आधी येतात ती नर फुले. लांब बारीक देठाची. त्यांना फळ का धरत नाही म्हणून वेल उपटणारेही मी पाहिले आहेत. थोडे थांबावे. मादी फुलाच्या खाली गोटीएवढे डांगर आधीच असते. मधमाश्या सकाळी लवकर येऊन परागीभवन करतात. सतत पावसामुळे माश्या फिरकल्या नाहीत तर सकाळी नर फूल तोडून त्याचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. हे काम पाड्यावरची मुले हौसेने करतात.

या वेलीचा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते आणि फळ सडते. सडलेली फळे वेलीखाली टाकून ठेवू नयेत, रोज वेचून खोल पुरावीत. एवढ्या एका सवयीने पुष्कळ फळे वाचतात. साडेतीन-चार महिन्यांत फळ तयार होते. सालीत नख शिरेनासे झाले आणि देठ वाळला की, देठासह कापून काढावे. देठ मोडलेले डांगर टिकत नाही.

पानात काय पडते

आता उपयोगाचे पाहू. इथे दोघांची बाजू तुल्यबळ आहे, पण प्रकार निराळे.

डांगराचे काहीच वाया जात नाही. कोवळ्या पानांची आणि शेंड्यांची भाजी होते, नर फुलांची भजी होतात, फळाची भाजी किंवा गुळातल्या घाऱ्या होतात, बिया भाजून सोलून खाल्ल्या जातात. त्याच्या केशरी रंगातच त्याचा मोठा गुण आहे. या रंगद्रव्यापासून शरीर जीवनसत्त्व 'अ' तयार करते. डोळ्यांसाठी आणि लहान मुलांच्या रोगप्रतिकारासाठी ते लागते. मात्र ते अंगी लागायला सोबत थोडा स्निग्ध पदार्थ हवा. पाण्यात नुसते शिजवलेले डांगर आणि चमचाभर तेलाच्या फोडणीचे डांगर यांत हा फरक आहे, हे आम्ही प्रत्येक मातासभेत सांगतो. एक सावधगिरीही सांगते : डांगर, दुधी किंवा काकडी चवीला कडू लागली तर "चालेल" म्हणून खाऊ नये, टाकून द्यावी. त्या कडवट द्रव्याने जोराच्या उलट्या-जुलाब होतात.

पण डांगराने पोट भरत नाही. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. १०० ग्रॅम डांगरातून जेमतेम २६ कॅलरी मिळतात. तेवढ्याच पिकलेल्या गऱ्यांतून साधारण ९५. म्हणजे डांगर हे भाकरीबरोबरचे कालवण, तर फणस वेळप्रसंगी भाकरीची जागा घेणारा. कोकणात ज्याला कुयरी म्हणतात त्या कोवळ्या फणसाची भाजी होते, पिकल्यावर गरे, सांदणे आणि फणसपोळी. आठळ्या उकडून किंवा चुलीत भाजून खाव्यात. त्यांत पिठूळ अंश आणि बऱ्यापैकी प्रथिने असतात. कच्च्या मात्र खाऊ नयेत, त्या पचत नाहीत.

फणसाचे दान ताटापुरतेच नाही. पाने शेळ्यांचा आवडता चारा, तोही उन्हाळ्यात, जेव्हा बाकी डोंगर उघडा असतो. पिवळसर लाकूड वाळवीला सहज दाद देत नाही. दारे-खिडक्या त्याच्या करतात, वीणा आणि मृदंगही त्याचेच. मात्र लाकडाच्या मोहाने झाड तोडण्याआधी लक्षात ठेवावे की महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत फणस आहे. स्वतःच्या जमिनीतला असला तरी तोडायला परवानगी लागते. आमच्या एका शेजाऱ्याला हे ठाऊक नव्हते, त्यापायी त्याला बरेच हेलपाटे पडले.

वर्षाचे चक्र

दोन्ही पिकांचे महिने एका कागदावर मांडले तेव्हा मला खरे उत्तर दिसले. तुम्हीही पाहा :

जुलै-ऑगस्ट : डांगराची पाने आणि फुले. घरातले धान्य संपलेले असते, तेव्हा हाताला लागणारी पहिली भाजी.

सप्टेंबर-ऑक्टोबर : कोवळी, मग तयार डांगरे.

नोव्हेंबर ते जानेवारी : माळ्यावर कोरड्या जागी, एकमेकांना न टेकवता ठेवलेली डांगरे. चांगले पिकलेले फळ तीन-चार महिने टिकते. भट्टीवर जाणाऱ्यांच्या बोचक्यातही ते जाऊ शकते.

फेब्रुवारी-मार्च : कोवळा फणस. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि मुलांना.

मे-जून : पिकलेले फणस. भट्टीवरून परतणाऱ्यांच्या स्वागताला.

जून ते ऑगस्ट : धुऊन सुकवून कोरड्या मातीत किंवा राखेत ठेवलेल्या आठळ्या, म्हणजे पुन्हा डांगराच्या पहिल्या भाजीपर्यंत.

वर्षाचे कडे जवळजवळ जुळले. एकटे डांगर हे कडे पूर्ण करत नाही, एकटा फणसही करत नाही. शिवाय फणस फळ देईपर्यंतची सात-आठ वर्षे कोणी उपाशी थांबत नसते. ती वर्षे वेलीनेच काढायची असतात. आणि वेलीच्या भरवशावर दर वर्षी शून्यापासून सुरुवात करणारे घर कधी पुढे सरकत नाही. त्याला एक कायमचा आधार लागतो.

या ठिकाणी मला योना संदेष्ट्याचा वेल आठवतो. एका रात्रीत वाढला, सावली दिली, आणि दुसऱ्या पहाटे कीड लागून सुकला. योनाला वेलीचे दुःख झाले. पण त्याच्यासमोर पसरलेल्या शहरातल्या माणसांची कळकळ वाटली नाही. पूर्वी मी हा अध्याय वाचताना वेलीला नावे ठेवी. आता वाटते, दोष वेलीचा नव्हता. तिने आपल्या दिवसाचे काम चोख केले होते. नजर कुठे ठेवायची हे योनाला शिकायचे होते. मीही मेलेल्या रोपांसाठी हळहळले होते. भट्टीवर गेलेल्या माणसांचा विचार आजींनी बोलून दाखवेपर्यंत माझ्या मनात आला नव्हता.

वाचलेली नऊ झाडे

त्या ६० रोपांपैकी नऊ जगली. ती का जगली याचा मी घरोघर फिरून शोध घेतला. कारण प्रत्येक ठिकाणी जवळजवळ एकच निघाले. ती रोपे मोरीच्या किंवा भांडी घासण्याच्या जागेच्या उताराला होती, आणि त्या घरात भट्टीवर न जाणारे कोणीतरी होते : म्हातारी आजी, अधू आजोबा, बाळंतीण. वेगळे पाणी कोणी आणलेच नव्हते. डोक्यावरून आणलेल्या हंड्याचे पाणी आधी भांड्यांना आणि मग रोपाला, असे दोनदा वापरले गेले होते.

त्यांतले एक झाड मला "बी आणलं असतंस" म्हणणाऱ्या आजींच्याच मोरीशी होते. मी पहिल्या मे महिन्यात आले तेव्हा ते मला दिसलेसुद्धा नव्हते, कारण मी फक्त ओळीत खणलेले खड्डे मोजत होते. आजींनी रोप आमच्या खड्ड्यातून उचलून आपल्या जागी लावले होते. कुठे जगेल हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच.

आता आम्ही काय करतो

पहिली गोष्ट, रोप देण्याआधी दोन प्रश्न विचारतो : घरातले धुण्याचे पाणी कुठे जाते, आणि दिवाळीनंतर घरात कोण असते? दोन्हींचे उत्तर मिळाले तरच रोप देतो. एका घराला एकच. एक जगलेले झाड तीन मेलेल्यांहून बरे.

दुसरी गोष्ट, फणसाचे रोप आणि डांगराचे आळे शेजारी करतो, मध्ये चार-पाच फूट अंतर ठेवून. वेलीचा शेंडा रोपापासून दूर वळवतो, नाहीतर वेल रोपावर चढून त्याला दाबून टाकते. भाजी तोडायला घरची बाई रोज तिथे जाते, त्यामुळे रोपाकडेही लक्ष राहते, तण निघते, शेळी आली तर कळते. ऑक्टोबरात वेल वाळली की ती तोडून रोपाच्या बुंध्याभोवती पसरतो. वेलीचे शेवटचे काम म्हणजे रोपाच्या मुळाशी ओल धरून ठेवणे. वर करवंदीच्या काट्यांचे कुंपण.

तिसरी गोष्ट, मागे राहणाऱ्या आजी-आजोबांना शेजारच्या बंद घराच्या रोपालाही तांब्याभर पाणी घालायची विनंती करतो. त्याबदल्यात ते घर जाताना त्यांच्याकडे दोन डांगरे ठेवून जाते. ही कल्पना माझी नाही, पाड्याच्या बैठकीत बायकांनीच काढली.

चौथी गोष्ट, पाकिटे बंद. गावठी डांगरातले सर्वांत चांगले, निरोगी फळ प्रत्येक घर बियांसाठी राखते. बी धुऊन सावलीत वाळवून राखेत ठेवते. ज्याच्याकडे आहे तो नसलेल्याला मूठभर देतो आणि पुढच्या वर्षी ती मूठ परत येते.

सगळे सुरळीत चालले आहे असे मी म्हणणार नाही. मागच्या उन्हाळ्यात विहीर लवकर आटली आणि काही रोपे गेली. एका घरात मागे राहणाऱ्या आजी वारल्या. ते झाड आता शेजारणीकडे आहे. पण यंदा त्या जुन्या नऊ झाडांपैकी चारांना फळे आली. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गेले तेव्हा आजींच्या अंगणात भट्टीवरून नुकतीच परतलेली नातवंडे हाताला तेल लावून गरे काढत होती. आजींनी मला समोर बसवले आणि पानावर गरे ठेवले. मग एका फडक्यात बांधलेल्या आठळ्या माझ्या हातात देत म्हणाल्या, "ह्या दुसऱ्या पाड्यावर ने. पण आधी विचार, पाणी कुठं जातं."

आपण काय करू शकता

महिला मंडळाच्या भगिनींना माझे उत्तर असे : रक्कम झाड आणि बी अशी विभागू नका, घर धरून द्या. एका घरासाठी एक रोप, कुंपण, खत आणि तीन वर्षे त्या रोपाची विचारपूस. बियांना पैसे लागतच नाहीत; ती पाड्यावरच आहेत. खर्च होतो तो वारंवार जाण्या-येण्याचा. रोप लावतानाचे छायाचित्र सहज मिळते. तुम्ही आमच्याकडे तिसऱ्या उन्हाळ्यानंतरचे छायाचित्र मागा.

आणि ज्या मंडळींच्या आवारात जागा आहे त्यांनी या पावसाळ्यात एक आठळी आणि एक डांगराचे बी स्वतः लावून पाहावे. संडे स्कूलच्या मुलांना नर आणि मादी फूल ओळखायला लावावे. नाताळात त्याच डांगराची भाजी प्रीतिभोजनात वाढावी. आणि फणसाला मे महिन्यात सुट्टीतसुद्धा पाणी कोण घालणार, हे आजच ठरवावे. ते ठरवताना जी अडचण येईल, तीच पाड्यावरची अडचण आहे.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपण दिलेल्या कोणत्या मदतीला "पहिले दोन उन्हाळे" पाणी घालावे लागते? ते कोण घालते?

२. आपल्या मदतीमुळे कोणाच्या घरातले राखेत ठेवलेले बी संपले असेल का?

३. कोणाला काही देण्याआधी आपण त्यांना कोणते दोन प्रश्न विचारले पाहिजेत?

४. आपल्या कुटुंबात किंवा मंडळीत मागे राहून सांभाळणारी माणसे कोण आहेत? त्यांचे आभार आपण कधी मानले?

पुढच्या अंकात पाड्यावरच्या बियांच्या देवाणघेवाणीविषयी सविस्तर लिहीन. तोवर आमच्यासाठी, आणि विशेषतः विहिरीच्या पाण्यासाठी, प्रार्थना करा.

आपली नम्र,
पाड्यावरील कार्यकर्ती